जागा राखीव, वाट बंद

नीटचा निकाल लागला की लातूरच्या चौकाचौकांत गुणवंतांचे फलक लागतात आणि त्याच आठवड्यात मोबाइलवर एक तक्ता फिरू लागतो. खुल्या प्रवर्गाचा कटऑफ इतका, ओबीसींचा इतका, एससींचा इतका, एसटींचा इतका. आणि खाली ठळक अक्षरांत प्रश्न, गुणवत्तेवर हा अन्याय किती दिवस? तक्ता पुढे पाठवणारे पालक दुष्ट नसतात. त्यांचं पोर दोन वर्षं मान मोडून अभ्यासाला बसलेलं असतं आणि थोडक्यात हुकलेलं असतं. ते दुःख खरं आहे. पण तक्ता अपुरा आहे. त्यात गुण आहेत. ते गुण कशाच्या जोरावर आले, याचा रकाना नाही.

तो रकाना भरावा म्हणून हे मुद्दे. माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. आरक्षण न्याय्य आहे आणि ते टिकलं पाहिजे. पण जागा राखीव ठेवायची आणि त्या जागेपर्यंतची वाट मात्र बाजारात विकायला काढायची, हे जे आपल्या शहरात चाललं आहे, त्यामुळे आरक्षणाचा लाभ सगळ्यात गरजू मुलापर्यंत पोचतच नाही. लातूरकरांनी भांडायचं असेल तर ते या वाटेसाठी भांडावं.

१. ज्या महाविद्यालयाने ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर नेलं, त्याच्या दारावर राजर्षी शाहूंचं नाव आहे. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या गॅझेटात महाराजांचा हुकूम छापून आला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांनी भराव्यात. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. ही तारीख आपण भाषणांत सांगतो, पण तिच्या आगेमागे काय घडत होतं ते सांगत नाही. हुकमाच्या आदल्याच वर्षी, १९०१ साली, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं होतं. मग एकेका समाजाची वसतिगृहं निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. म्हणजे नोकरीतली जागा, शहरातली निजायची-जेवायची सोय आणि गावातली शाळा, या तिन्ही गोष्टी महाराजांच्या मनात एकत्र होत्या. खेड्यातला पोरगा कोल्हापुरात राहणार कुठे आणि खाणार काय, हे आधी बघितल्याशिवाय राखीव जागा कागदावरच राहील, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आपण त्यातली पहिली गोष्ट ठेवली, उरलेल्या दोन्हींत हात आखडता घेतला.

२. लातूर पॅटर्नचा आरंभही आठवून बघावा. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे होते. पुढे ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, राज्यसभेतही गेले. पण त्यांची आणखी एक ओळख शहर विसरत चाललं आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याचे ते अभ्यासक. ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा त्यांचा ग्रंथ. गुलामगिरीतून सुटलेल्या समाजाला शाळेचं दार कसं बंद होतं आणि ते कसं उघडावं लागलं, याचा अभ्यास केलेला माणूस लातूरच्या मुलांना शिकवत होता. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आपल्याकडे ही ओढ जुनी आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांनी तिथल्या काळ्या लेखकांची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना करून दिली, आणि मराठी दलित साहित्याच्या उभारणीत त्या ओळखीचा वाटा आहे.

सुरुवातीचा लातूर पॅटर्न महाविद्यालयाच्या आवारात घडला. जादा तास तिथेच, सराव परीक्षा तिथेच, शिकवणारे महाविद्यालयाचेच मास्तर. तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलाला वेगळा क्लास लावावा लागत नव्हता. आज कॉलेजचा प्रवेश नावापुरता आणि अभ्यास क्लासमध्ये, अशी रीत पडली आहे. ही गळती इतकी उघड झाली की २०१८ साली राज्य सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. पॅटर्न राहिला, पण महाविद्यालयाच्या फीमध्ये मिळायचा तो आता क्लासच्या फीमध्ये मिळतो.

३. लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळी उभं राहून बघावं. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या एसटीतून डबे उतरतात. डब्यावर तेलरंगाने नाव घातलेलं, पिशवीला गाठ, आत भाकरी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी. पोरगं स्टँडवर येऊन आपला डबा ओळखून नेतं. ज्यांना जमतं त्यांच्या आया इथेच एक खोली घेऊन राहतात. बाप गावाकडे शेत सांभाळतो. मेस, खोलीभाडं, क्लासची फी, टेस्ट सिरीज, रीडिंग रूम, आणि एका वर्षात नाही जमलं तर रिपीटर बॅचला हेच सगळं पुन्हा. यासाठी शेतकरी कुटुंबांनी जमिनीचे तुकडे विकले आहेत. त्या कष्टांना मी मनापासून मानतो.

पण विकायला तुकडाच नाही, त्याचं काय? जळकोट, अहमदपूर, मुखेड, कंधार या भागातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्या गाडीत बसलेली सहावीतली पोर फडावर धाकट्या भावाला सांभाळते. तिचं सहावीचं निम्मं वर्ष गेलं, सातवीचं निम्मं गेलं. ती हुशार आहे की नाही हे नीट कधी विचारणारच नाही, कारण नीटच्या अर्जापर्यंत ती येतच नाही. आणि तिच्यासारखी एखादी आलीच, तर ७२० पैकी तिचे गुण आणि आठवीपासून फाउंडेशन कोर्स केलेल्या मुलाचे गुण एकाच तक्त्यात शेजारी छापले जातात. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलं या परीक्षेला बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर होत्या. इतक्या गर्दीत एकेका गुणाला किंमत येते आणि तो एकेक गुण वेळ आणि पैसा देऊन मिळवता येतो. नील ऑरेलिओ नुनेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये हेच स्पष्ट केलं: स्पर्धा परीक्षेतले गुण घरची सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक शिदोरी दाखवत नाहीत, म्हणून गुणवत्तेची व्याख्या नुसत्या गुणांवर करता येणार नाही. न्यायालयाने दिल्लीत बसून जे लिहिलं, ते लातूरला रोज रस्त्यावर दिसतं.

४. यावर लगेच प्रश्न येतो: मग गरिबी बघा ना, जात कशाला बघता? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून जरा सविस्तर.

गरिबीसाठी व्यवस्था आज आहे. २०१९ च्या १०३व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना दहा टक्के आरक्षण मिळालं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पण जातीमुळे जे सोसावं लागतं, ते घरात पैसा आल्यावरही सोसावं लागतं. क्लासला आलेल्या मुलाचे वडील खोली बघायला फिरतात, तेव्हाचा संवाद बहुतेकांना पाठ असेल.

“काका, खोली द्यायची आहे का? पाटी वाचली.”

“आहे की. गाव कोणतं तुमचं? नाव काय म्हणालात? पूर्ण सांगा, आडनाव.”

आडनाव सांगितलं जातं. मग जरा थांबून, “पाहुणे कुठं कुठं आहेत तुमचे?” आणि मग, “अहो, एकाने कालच शब्द दिलाय. त्याचं नाही झालं तर फोन करतो.” फोन येत नाही, पाटी तशीच लटकलेली राहते. भाडं आगाऊ द्यायची त्या बापाची तयारी होती. घोडं पैशावर अडलं नव्हतं.

हे नुसतं ऐकीव म्हणावं, तर अभ्यासही झाले आहेत. मिलिंदमध्ये शिकलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटेवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता सारखी, बदलली ती फक्त नावं: काही उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम. २००७ साली निष्कर्ष आले. दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या फेरीचं बोलावणं कमी आलं. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन यांनी काळ्या आणि गोऱ्या लोकांत रूढ असलेली नावं घालून असाच प्रयोग केला होता. तो २००४ साली छापला गेला आणि तिथलंही उत्तर हेच होतं. तिथे नावावरून रंग ताडतात, इथे आडनावावरून जात.

आणि खोली न मिळणं हे यातलं सर्वांत सौम्य रूप आहे. १९७८ साली विधिमंडळाने औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा नांदेड-परभणीच्या खेड्यांत दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवंत जाळलं गेलं. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. हे जुनं झालं म्हणणाऱ्यांनी जून २०२३ आठवावा. नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेलीत एका दलित तरुणाचा खून झाला, आणि गावात आंबेडकर जयंती साजरी झाल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. या वस्त्यांतली मुलं गरीब आहेत हे खरंच, पण त्यांच्यावर जे ओढवलं ते गरिबीमुळे नाही. म्हणून उपाय ठरवताना नुसता उत्पन्नाचा दाखला पुरत नाही.

५. असमान जमिनीवर समान नियम लावले तर अन्याय होतो, हे लातूरकरांना वेगळं शिकवायला नको. वैद्यकीय प्रवेशाचं ७०:३० सूत्र सगळ्यांना आठवत असेल. ज्या विभागात बारावी केली, त्या विभागातल्या कॉलेजांत ७० टक्के जागा तिथल्यांना, बाहेरच्यांना ३० टक्के. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे आपल्या मुलांच्या वाट्याला जागा कमी. सूत्र दिसायला सगळ्यांना सारखं होतं. तरीही आपण निवेदनं दिली, मोर्चे काढले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री, लातूरचेच आमदार अमित देशमुख यांनी ते रद्द झाल्याचं विधानसभेत सांगितलं. शहरात पेढे वाटले गेले ते योग्यच होतं.

त्या लढ्यात आपलं म्हणणं काय होतं? आमच्याकडे कॉलेजं कमी आहेत, ती कमी असण्याला इतिहास आहे आणि त्या इतिहासाची शिक्षा आमच्या लेकरांना नको. हा इतिहास खराच आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकायचं तर उर्दूतून. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० साली निघालं, लातूरचं दयानंद १९६१ साली. पुण्या-मुंबईत तोवर पदवीधरांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या. म्हणूनच १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला सेवांमध्ये आणि शिक्षणात वाटा देण्याचं कलम आलं. संविधानाच्या ३७१ (२) मध्ये तांत्रिक शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांतली पुरेशी संधी यांची समन्यायी व्यवस्था असावी, असं लिहिलं गेलं. त्यातूनच १९९४ साली वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि मंडळाविना आपलं काय नुकसान होतं आहे, यावर आपण अजून तावातावाने बोलतो.

तावातावाने बोलायलाच हवं. पण मराठवाड्याला मागास म्हणून जे मागायचं आणि संविधानाने दिलं आहे, त्याच न्यायाने मराठवाड्यातल्या महार, मांग, पारधी, वडार, बंजारा, आंध यांच्या लेकरांनी मागितलं तर ते गुणवत्तेवर आक्रमण कसं होतं? निजामाच्या राज्यात पाटलाच्या पोराला शाळा लांब होती हे मान्य. वेशीबाहेरच्या पोराला त्याच शाळेची पायरी चढता येत नव्हती. अनुशेष दोन्हींचा आहे आणि दुसरा पहिल्यापेक्षा कित्येक पटींनी जुना आहे.

६. आता सोयी-सवलतींच्या व्यवहाराकडे येऊ. तिथे बरंच काही सांगण्यासारखं आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळायची तर पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. त्यावर गेलं की फीची सवलत मिळू शकते, पण निर्वाह भत्ता नाही. दुसरीकडे ईडब्ल्यूएसमध्ये आठ लाखांपर्यंतचं घर आर्थिकदृष्ट्या दुर्बल धरलं जातं. अडीच लाख म्हणजे महिन्याला एकवीस हजारही नाहीत. नगरपालिकेत कायम झालेल्या सफाई कामगाराचा मुलगा इथे बाद होतो. तक्ता फिरवणाऱ्यांनी हे दोन आकडेही शेजारी छापावेत.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. आंबेडकर स्वाधार योजना आहे. शहराच्या वर्गवारीनुसार वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत. योजना चांगली. पण खोलीमालक भाडं महिन्याच्या महिन्याला मागतो, मेसवाला आगाऊ मागतो, आणि योजनेचे पैसे कधी कधी वर्ष सरता सरता खात्यावर पडतात. मधले महिने ते पोर कुणाच्या भरवशावर काढणार? त्यातून जी मुलं दिवाळीनंतर गावाकडे परत जातात, त्यांची नोंद कुठल्याच कटऑफमध्ये नसते.

जात पडताळणीचं तेच. दाखला असतो, पडताळणीचं प्रमाणपत्र यायला उशीर. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, महसुली पुरावा आणा. ज्याचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत आणि ज्यांच्या नावावर सातबारा कधी नव्हता, त्याने पुरावा आणायचा कुठून? भटक्या जमातींच्या बाबतीत तर हे क्रूर आहे. पालावर जन्मलेल्या माणसाला तो कुठल्या गावचा रहिवासी, हे कागदाने सिद्ध करायला लावायचं.

आणि रिपीटर. लातूरच्या यशातला मोठा भाग दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातून येतो, हे इथला रिक्षावालाही सांगेल. पण रिपीटर मुलाचं नाव कुठल्याच कॉलेजच्या पटावर नसतं. पटावर नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, सरकारी वसतिगृह नाही. बार्टी, महाज्योतीचे प्रशिक्षणवर्ग आहेत, पण त्यांचा भर दहावी झालेल्यांवर आहे. म्हणजे ज्या एका वर्षात शे-दीडशे गुण वाढू शकतात, ते वर्ष फक्त ज्याच्या बापाला परवडतं त्याचं. राखीव प्रवर्गातसुद्धा ते नोकरदाराच्याच मुलाला परवडतं. मजुराच्या मुलाच्या हाती बीएस्सीचा फॉर्म पडतो.

७. राखीव जागेवरून आलेला डॉक्टर कच्चा असतो, हा आरोप थोडक्यात निकाली काढता येतो. प्रवेशाला कटऑफ वेगवेगळा असतो, एमबीबीएसची परीक्षा वेगळी नसते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवर प्रवर्ग छापलेला नसतो. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेतली १९८० ते २००२ ची आकडेवारी तपासली. आरक्षणामुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या संस्थास्तरीय आणि एनआरआय जागांवर कित्येक पट फी भरून खालच्या गुणांवर प्रवेश होतो. त्याचा तक्ता मी अजून कुणाच्या मोबाइलवर पाहिला नाही. २०२४ मध्ये नीटच्या गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा शहराची मान खाली गेली. गुणवत्तेला खरा धोका पैसे मोजून पुढे घुसणाऱ्यांपासून आहे, हे त्या वेळी सगळ्यांनी बघितलं आहे.

८. अमेरिकेने काय केलं, असं हल्ली उत्साहाने विचारतात. विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात मनाई केली. परिणाम पुढच्याच वर्षी दिसला. एमआयटीमध्ये त्याआधी नव्या तुकडीत काळे विद्यार्थी सरासरी १३ टक्के असत; २०२४ च्या तुकडीत ते पाच टक्क्यांवर आले. एका वर्षात त्या समाजातली मुलं मंदबुद्धी झाली नव्हती. दार लोटलं गेलं, एवढंच घडलं. आपल्याकडे मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात १९५१ साली असंच दार लोटलं गेलं होतं, तेव्हा संसदेने त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून १५ (४) हे कलम घातलं. आपली घटना या बाबतीत अमेरिकेच्या पुढे आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

९. मराठा आणि ओबीसी यांच्यातल्या ताणाबद्दल न बोलता हा विषय संपवणं पळपुटेपणा ठरेल. सोयाबीनचा भाव पडलेला, वाटण्या होऊन दोन-तीन एकर उरलेले, विहिरीला पाणी नाही आणि शिकलेल्या पोराला नोकरी नाही. मराठवाड्यातल्या मराठा शेतकऱ्याचा हा संताप खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा रद्द केला, २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय निघाला. दुसऱ्या बाजूला माळी, धनगर, वंजारी, तेली, न्हावी यांना वाटतं की ओबीसींच्या आपल्या ताटात आता कोण कोण बसणार. तेच गॅझेट दाखवून बंजारा समाज अनुसूचित जमातीचा दर्जा मागतो, कारण सीमेपलीकडे तेलंगणात त्यांच्याच भाऊबंदांना तो आहे. त्याने आदिवासी धास्तावले. गावात शेजारी शेजाऱ्याच्या लग्नाला जाईना.

यात कुणाचा हक्क कितपत, हे आयोगांनी आणि न्यायालयांनी आकडे बघून ठरवावं. मी ते इथे बसून ठरवणार नाही. पण दोन गोष्टी मला स्वच्छ दिसतात. सरकारी वैद्यकीय जागा, भरतीतली पदं, वसतिगृहातल्या खाटा वाढवण्यासाठी या सगळ्या समाजांचा एकत्र मोर्चा लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर कधी गेला नाही, आणि तो जावा. शिवाय प्रत्येक प्रवर्गात अगदी तळाशी कोण आहे हे त्या प्रवर्गातल्या पुढच्या लोकांनी स्वतःहून बघावं. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण राज्यांना करता येईल असं सांगितलं. राज्याने न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. लातूर-नांदेडमध्ये मातंग समाज मोठा आहे आणि त्याची मागणी जुनी आहे. आकडे त्यांच्या बाजूने असतील तर द्यायलाच हवं. वाटा मागताना जो न्याय आपण सांगतो, तो घरातल्या धाकट्यालाही लागू होतो.

१०. मग करायचं काय? तमिळनाडूने २०२० साली कायदा केला: सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलांना वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के समांतर आरक्षण. सर्व प्रवर्गांना आडवं लागू होणारं, म्हणजे कुणाचं काढून कुणाला देणारं नाही. मद्रास उच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. महाराष्ट्रात हे जसंच्या तसं उचलता येणार नाही, कारण आपल्याकडे अकरावी-बारावी बहुतेक खासगी संस्थांच्या अनुदानित महाविद्यालयांत होते. पण मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला दहावीपर्यंत आहेत. पहिली ते दहावी जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका किंवा आश्रमशाळेत शिकलेल्या मुलांसाठी अशी तरतूद करता येईल. तिचा लाभ मराठा शेतकऱ्याच्या मुलीला होईल, मांगाच्या मुलाला होईल, तांड्यावरच्या मुलीलाही होईल. आणि ज्या गावांनी जिल्हा परिषदेची शाळा ओस पाडून इंग्लिश स्कूलची पिवळी गाडी गावात आणली, ती गावं त्या शाळेकडे पुन्हा बघतील. लातूरच्या आमदार-खासदारांनी ७०:३० सूत्र रद्द व्हावं म्हणून जशी जिवाची बाजी लावली, तशी यासाठी लावावी.

शहराच्या पातळीवर तीन गोष्टी. ट्यूशन एरियापासून चालत जाता येईल अशा अंतरावर महापालिकेने आणि समाजकल्याण खात्याने रिपीटरांसह सर्वांसाठी वसतिगृह बांधावं, मुलींचं आधी. क्लासेसच्या नियमनाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तो कायदा होईल तेव्हा आरटीईप्रमाणे २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी मोफत असाव्यात, पण कायद्याची वाट न बघता इथल्या क्लासचालकांनी आताच सुरुवात करावी. त्यांच्यातले बरेच जण स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले आहेत आणि काही आजही गुपचूप फी माफ करतात. आणि खोल्या देणाऱ्यांची नोंदणी महापालिकेकडे व्हावी. आडनाव विचारून नकार दिल्याची तक्रार आली तर ती नोंदवून घेणारा माणूस तिथे बसलेला असावा.

११. शेवटी ‘किती दिवस?’ या प्रश्नाला उत्तर. बाबासाहेबांनी दहा वर्षांचीच मुदत घातली होती, असं ठासून सांगितलं जातं. ती मुदत कलम ३३४ मध्ये आहे आणि लोकसभा-विधानसभेतल्या राखीव मतदारसंघांपुरती आहे. वाढत वाढत ती आता २०३० पर्यंत आली आहे. शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणाला घटनेने अशी तारीख घातलेलीच नाही.

तरीही प्रश्न विचारण्याचा हक्क सर्वांना आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांनी देता येतं. लातूरमधल्या प्रत्येक महाविद्यालयाने आणि क्लासने दरवर्षी एक पान प्रसिद्ध करावं. किती मुलं आली, कोणत्या प्रवर्गातली. किती खेड्यातली, किती शहरातली. किती जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. किती जणांनी वर्ष मध्येच सोडलं. यश मिळालेल्यांत पहिल्या प्रयत्नातली किती आणि रिपीटर किती. किती जणांचे आई-वडील दोघेही दहावीच्या खालचे. निकालाच्या फलकाशेजारी हे पानही लावावं. पाच वर्षांची अशी पानं हातात आली की आरक्षण कुणापर्यंत पोचलं आणि कुणापर्यंत नाही, हे समोर ठेवून बोलता येईल. ज्या शहराने दर आठवड्याला टेस्ट घेऊन प्रत्येक मुलाची रँक भिंतीवर लावायची पद्धत रुजवली, त्याला ही आकडेमोड जड नाही. येत्या जूनपासून सुरुवात करता येईल.